चालता चालता बंद पडणारी एमजीबी : नाशिकच्या गॅरेजमधल्या नोंदी

गाडी आणि तक्रार

१९६५ ची एमजीबी रोडस्टर, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीट, कापडी छत, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू एचएस-४ कार्बोरेटर, लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा), डायनॅमो आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. मालक माझे मामा, राहणार गंगापूर रोड. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली. इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं, म्हणजे आपल्या अ‍ॅम्बॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं थोरलं भावंड. त्यामुळे जुन्या मिस्त्रींना बॉनेट उघडल्यावर अगदीच परकं वाटत नाही.

तक्रार अशी : सकाळी चोक ओढून सेल्फ मारला की गाडी सुरू. दारात तासभर स्लोवर ठेवा, काही होत नाही. रस्त्यावर काढली की पंधरा-वीस मिनिटांत चालता चालता झटका देऊन बंद. मग सेल्फ इतका जड फिरतो की इंजिन उचलतच नाही. अर्धा-पाऊण तास झाडाखाली बसलं की पुन्हा सुरू.

माझ्या हातात येण्याआधी एका गॅरेजमध्ये नवी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), प्लग, प्लगच्या वायरी आणि दोन्ही कार्बोरेटरचं ओव्हरहॉलिंग झालं होतं. बिल १८,५०० रुपये, तक्रार जशीच्या तशी. निदान तोंडी दिलेलं : "जुनी गाडी आहे, गरम झाली की बंद पडणारच." या 'गरम'नेच आम्हाला महिनाभर भलतीकडे फिरवलं.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

काहीही बदलायच्या आधी इंजिनाची तब्येत पाहिली. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १५० ते १५५ पीएसआय. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) ०.०१५ इंचावर, एक सैल होता तो लावला. पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधला, उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारा स्विच) गॅप ०.०१५ इंच, तोही ठीक. म्हणजे इंजिन निरोगी आहे, रोग बाहेरचा आहे.

दोन गोष्टी मात्र सापडल्या. पहिली, नवी कॉइल उलटी जोडलेली. जुन्या लुकास कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असायची, एक चावीकडे आणि एक पॉइंटकडे, त्यामुळे चुकायचा प्रश्न नव्हता. नव्या कॉइलवर अधिक-उणे असतं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत अधिकची बाजू डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवी. उलटी जोडली तरी गाडी चालते, फक्त प्लगच्या मधल्या दांडीवर ध्रुव उलटा येतो आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. वायरी अदलाबदल केल्या, खर्च शून्य.

दुसरी, सेल्फ कधीकधी नुसताच गरगरायचा, इंजिन फिरवायचाच नाही. १९६५ चा सेल्फ जुन्या पद्धतीचा, फिरण्याच्या धक्क्यानेच पिनियन पुढे सरकून फ्लायव्हीलला लागतं. त्या स्क्रूवर कुणीतरी प्रेमाने ग्रीस भरलं होतं आणि त्यात क्लचची धूळ बसून काळा चिखल झाला होता. हा भाग कोरडाच ठेवायचा असतो. रॉकेल आणि ब्रशने धुतला, हवा मारली. सेल्फ काढायला-घालायला दुपार गेली, कारण ऑइल फिल्टरच्या बाजूने हात नीट जात नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पेट्रोलचा माग. सगळ्यांचा संशय ई-२० वर होता, माझाही. वीस टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांचे रबरी पाईप फुगतात, आतून सुटतात, टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला राळेसारखा थर निघून फिल्टरमध्ये येतो. एसयूच्या जेटला एवढासा कचरा पुरतो.

चावी फिरवली की मागच्या उजव्या चाकाजवळचा एसयूचा इलेक्ट्रिक पंप टकटक करतो आणि दोन्ही फ्लोट चेंबर (कार्बोरेटरला जोडलेल्या पेट्रोलच्या छोट्या वाट्या) भरले की गप्प होतो. तसं झालं. टकटक थांबलीच नाही तर कुठून तरी हवा ओढली जातेय किंवा फ्लोटची सुई गळतेय. टकटक आलीच नाही तर पंपाचे पॉइंट चिकटलेत. कार्बोरेटरकडचा पाईप काढून बाटलीत सोडला : मिनिटाला अर्ध्या लिटरच्या बराच वर. पंप निर्दोष.

पाईप मात्र वाईट होते. कार्बोरेटरजवळचा तुकडा कापून आत बोट घातलं तर काजळ लागावं तसं काळं रबर बोटाला आलं. सगळे रबरी तुकडे बदलले. घेताना पाईपवर 'जे३० आर९' छापलेलं बघून घ्या. साधा 'पेट्रोल पाईप' म्हणून जो मीटरवर मिळतो तो इथेनॉलला टिकत नाही. ४५० रुपये मीटर, दोन मीटर लागला. क्लिपा आणि नवा फिल्टर मिळून आणखी ३८०. दोन्ही फ्लोट चेंबर उघडून पुसले, तळाशी तपकिरी गाळ होता.

संध्याकाळी त्र्यंबक रोडला काढली. सातपूर ओलांडून महिरावणीच्या पुढे गेलो आणि झटका, बंद. फ्लोट चेंबरचं झाकण उघडलं तर काठोकाठ पेट्रोल. टाकीचं झाकण काढून पाहिलं, फुस्स झालं नाही, म्हणजे टाकीत व्हॅक्युमही नाही. सेल्फ जड. एका पिकअपवाल्याने टोचन करून घरी आणलं, ८०० रुपये घेतले. मामा गंगापूर रोड येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पाईप बदलायलाच हवे होते, तो खर्च वाया नाही. पण आजार तो नव्हता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं की दोन तक्रारी वेगळ्या धरायच्या. 'बंद का पडते' नंतर. आधी 'गरम असताना सेल्फ जड का'.

बॅटरी सीटच्या मागे, सतरंजी आणि पत्र्याच्या झाकणाखाली. मुळात तिथे ६ व्होल्टच्या दोन होत्या, मामांनी पूर्वीच १२ व्होल्टची एक बसवली, पॉझिटिव्ह अर्थ तसाच ठेवला. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर १०.४ व्होल्ट. वाईट नाही. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर आणि दुसरी थेट इंजिन ब्लॉकवर धरली आणि मामांना सेल्फ मारायला सांगितलं. इथे जवळजवळ शून्य यायला हवं, ०.२-०.३ पर्यंत चालतं. आलं २.१ व्होल्ट.

म्हणजे सेल्फला आणि कॉइलला आठच्या आसपासच मिळत होतं. तेवढ्यात मामांनी चोकच्या नॉबवरून हात काढला. "अरे, हे गरम कसं लागतंय?" बॉनेटखाली चोकच्या केबलला हात लावला तर चटका. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी तुटलेली असणार आणि सेल्फचा सगळा करंट चोकच्या केबलमधून परत जातोय. चोकची केबल कारणाविना तापत असेल तर पुढचं काही न बघता गाडीखाली शिरा.

खाली गिअरबॉक्सजवळची विणीव पट्टी होती, पण एका टोकाला हिरवी पूड झालेली आणि दुसरं टोक रंगावर कसलेलं. कधीतरी बॉडी रंगवली तेव्हा तो पत्राही रंगवला. नवी पट्टी २२० रुपये. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करून, वर थोडी व्हॅसलिन लावून कसली. बॅटरी ते बॉडी केबलचं टोकही तसंच साफ केलं. पुन्हा मोजलं : ०.१५ व्होल्ट. सेल्फचा आवाजच बदलला.

३० नोव्हेंबर, रविवार

आज खरी कलाटणी. त्याच रस्त्याला काढली. सातपूरच्या पुढे मोकळा रस्ता लागला आणि पुन्हा झटका, बंद. पण बाजूला घेऊन सेल्फ मारला आणि पहिल्याच फेरीत सुरू! थांबायची गरजच नाही. गरम इंजिन, तेच ऊन, तेच पेट्रोल. म्हणजे अर्धा तास थांबणं हे फक्त अशक्त सेल्फमुळे होतं. इंजिन बंद पडण्याचा उष्णतेशी संबंधच नसावा.

मग पुढे मुद्दाम तसंच चालवलं, चौथा गिअर, साठच्या आसपास, पाय हलका. मामांना, आणि मलाही, झटका आला की क्लच दाबायची सवय. क्लच दाबला की इंजिन थांबणारच आणि पुरावा संपला. या वेळी क्लच दाबला नाही. झटका आला. गाडी गिअरमध्ये, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतायत, पण आरपीएमचा काटा एकदम शून्यावर. पाय उचलला तर काटा उडी मारून परत वर, सायलेन्सरमध्ये फाट्‌कन आवाज आणि इंजिन पुन्हा चालू.

या गाडीचा आरपीएम मीटर कॉइलच्या करंटवर चालतो, चावीकडून कॉइलला जाणारी पांढरी वायर त्याच्या पाठीमागून वेटोळं घेऊन जाते. इंजिन फिरत असताना काटा पडला म्हणजे ठिणगीचा करंट तुटला. पेट्रोल कमी पडलं असतं तर काटा इंजिनाबरोबर हळूहळू उतरला असता. फाट्‌कन आवाजही तेच सांगतो : न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये गेलं आणि ठिणगी परतल्यावर पेटलं.

कार्बोरेटरच्या ओव्हरहॉलिंगचे पैसे गेले ते गेलेच.

६ डिसेंबर, शनिवार

द्वारकेजवळ एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाटवर आयुष्य गेलेलं. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "कंडेन्सर बदल, पण त्यावर भरवसा ठेवू नको. गाडी जिथं मरते तिथं मीटर लाव. दुकानात आणशील तर ती माझ्यासमोर शहाण्यासारखी चालेल."

अ‍ॅम्बॅसिडरचा कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथे उडणारी ठिणगी दाबणारा) १६० रुपयांना घेतला. जुना मोजला तर ०.२१ मायक्रोफॅरड, म्हणजे चांगलाच होता. तरी बदलला, जुना डिकीत स्पेअर म्हणून ठेवला. बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर जुन्यापेक्षा आधी जातात, त्यामुळे चालणारा जुना कधी फेकू नये.

मीटरबद्दल चाचांनी दोन गोष्टी बजावल्या. डिजिटल नको, काट्याचा घ्या, कारण डिजिटलचे आकडे पॉइंटच्या उघडझापीत नुसते नाचतात. आणि कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला टेस्ट बल्ब लावून गाडी चालवायला जाऊ नका. कॉइलमध्ये जी उसळी यायला हवी ती बल्बच खातो, ठिणगी मरते आणि तुम्ही नवा आजार शोधत बसता.

१४ डिसेंबर, रविवार

काट्याचा मीटर डॅशबोर्डवर चिकटवला. एक वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. पॉझिटिव्ह अर्थ असल्याने लाल पिन बॉडीला, काळी कॉइलला, नाहीतर काटा उलटा धावतो.

वाचायचं असं. इंजिन चालू असताना पॉइंट उघडझाप करतात, काटा सरासरी दाखवतो, आमच्याकडे ४ ते ५ व्होल्ट. बंद पडताना काटा शून्यावर गेला तर कॉइलपर्यंत करंटच येत नाही (चावी, आरपीएम मीटर, पांढरी वायर), किंवा पॉइंटकडची बाजू बॉडीला शॉर्ट झाली आहे. काटा १२ वर जाऊन थांबला तर करंट कॉइल ओलांडून आलाय, पण पुढे अर्थ मिळत नाही. म्हणजे बिघाड डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली.

माझी पैज आरपीएम मीटरमागच्या जोडावर होती. मामा शेजारी बसून मोठ्याने आकडे वाचत होते. महिरावणी गेली, अंजनेरीचा डोंगर समोर आला, झटका बसला आणि मामा ओरडले, "बारा! बारा!" पाय उचलला. "पाच!" पुन्हा हलका दाबला, पुन्हा बारा.

डॅशबोर्ड उघडायची गरज उरली नाही.

२० डिसेंबर, शनिवार

पॉइंट साफ, गॅप बरोबर, कंडेन्सर नवा, तरी अर्थ तुटतो. तोही ठरावीक वेळीच, हलक्या पायाने एकसारखं चालवताना. डिस्ट्रिब्युटरमध्ये तेव्हा काय हलतं? पॉइंट आणि कंडेन्सर ज्या प्लेटवर बसतात ती. व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स, म्हणजे कार्बोरेटरमधल्या व्हॅक्युमने ठिणगीची वेळ पुढे आणणारी डबी, तिला फिरवतो. स्लोवर थ्रॉटल बंद असतो, व्हॅक्युमचं छिद्र झाकलेलं राहतं आणि प्लेट जागची हलत नाही. म्हणून दारात तासभर काही होत नव्हतं. शहरात पाय सारखा वरखाली, प्लेट कुठे ठरत नाही. मोकळ्या रस्त्यावर ती नेमकी त्या वाईट जागी जाऊन थांबते. आणि ती 'पंधरा-वीस मिनिटं' म्हणजे इंजिन तापायला लागणारा वेळ नव्हेच, गंगापूर रोडवरून सातपूरची गर्दी पार करायला लागणारा वेळ! कुंभमेळ्यासाठी खोदून ठेवलेल्या रस्त्यांनी तो आणखी वाढवला, एवढंच.

घरीच खात्री केली. कार्बोरेटरकडची व्हॅक्युमची बारीक नळी काढून तिला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज जोडली, ६० रुपये. (तोंडानेही ओढता येतं, पण पेट्रोलची चव संध्याकाळच्या चहापर्यंत जात नाही.) इंजिन स्लोवर, मीटर लावलेला. सिरिंजचा दांडा हळूहळू ओढला. आधी अ‍ॅडव्हान्स वाढून स्लो किंचित चढला, जसा चढायला हवा. दांडा निम्म्यावर आला आणि इंजिन गप्प, काटा १२ वर. इतके दिवस त्र्यंबक रोडवर शोधत होतो ते पोर्चमध्ये एका हाताने करता आलं.

टोपी काढली, रोटर काढला. फिरत्या प्लेटला स्थिर भागाशी जोडणारी एक बोटभर लांबीची कापडी वेष्टणाची वायर असते, प्लेटचा अर्थ तीच देते. दिसायला धडधाकट. चिमट्याने एका टोकाला जरा ताणली तर वेष्टण रबरासारखं लांबलं, आत तांब्याचे धागे तुटलेले. प्लेट जागेवर असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकत, प्लेट फिरली की सुटत.

२१ डिसेंबर, रविवार

प्लेट दोन स्क्रूंवर बाहेर येते. डिस्ट्रिब्युटर काढू नका, खालचा क्लॅम्पही ढिला करू नका, नाहीतर टायमिंगचं काम वाढतं. स्क्रू काढताना खाली कापड धरा, आत पडला तर वेट आणि स्प्रिंगमध्ये जाऊन बसतो.

घरात होती ती साधी ऑटो वायर डाख देऊन लावली. सिरिंजने ओढलं, इंजिन चालू राहिलं. आनंद अर्धा तास टिकला. टायमिंग लाइटमध्ये (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) पाहिलं तर नळी सोडल्यावर खूण परत जागेवर येत नव्हती. वायर ताठ, वर डाख वायरीत झिरपून ती आणखी कडक झालेली. तीच प्लेटला ढकलून धरत होती. अशी वायर प्लेट अडवते तरी किंवा थोड्या दिवसांत डाखापाशी तुटते तरी.

२७ डिसेंबर, शनिवार

मीटरच्या चांगल्या सिलिकॉन लीडमध्ये केसासारखे असंख्य बारीक धागे असतात, ती कितीही वाकवली तरी मऊ राहते. एक जुनी लीड बळी दिली. जुन्या वायरीपेक्षा किंचित लांब कापली, दोन्ही टोकांना छोटे थिंबल (स्क्रूखाली कसायची धातूची टोकं) पकडीने दाबून बसवले, डाख अजिबात नाही. वायर कॅमला घासणार नाही अशी वळवली. प्लेटच्या घसरत्या भागाला मशीन ऑइलचा एक थेंब.

मोजमाप : प्लेट ते बॅटरीचा अर्थ, पॉइंट मिटलेले, चावी चालू. प्लेट इकडून तिकडे फिरवतानाही ०.१ व्होल्टच्या आत. सिरिंज पूर्ण ओढली, सोडली, पुन्हा ओढली. टायमिंगची खूण जाते आणि परत येते. ही खूण १९६५ च्या गाडीत पुलीच्या खालच्या बाजूला आहे, त्यामुळे टायमिंग लाइट घेऊन आडवं पडावं लागतं, शेजारच्यांना वाटतं अपघात झाला.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल का नाही, हे बऱ्याच जणांनी विचारलं. बसवता येतो, पण पॉझिटिव्ह अर्थचा वेगळा घ्यावा लागतो, साधा लावला तर चावी फिरवताच जातो. आणि रस्त्यात तो गेला तर नाशिक ते घोटी कुणाकडेही मिळणार नाही. पॉइंट खिशात मावतात.

४ जानेवारी २०२६, रविवार

गंगापूर रोड, सातपूर, त्र्यंबक, तिथून घोटीच्या रस्त्याला बरंच आत आणि परत. पहाटे निघालो तेव्हा हातमोजे लागत होते, परतताना छत उघडं. मीटर डॅशबोर्डवर तसाच ठेवला होता, काटा पाचच्या खाली. एकदाही बंद नाही. येताना मामांनी चालवली.

एक तक्रार शिल्लक. दुपारी सिग्नलला जास्त वेळ उभं राहिलं की स्लो खाली येतो आणि इंजिन किंचित थरथरतं. इथे उष्णता खरीच कारण असू शकते : दोन्ही कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतात आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल लवकर उकळतं. मधली उष्णतारोधक पत्र्याची ढाल आहे, पण तिच्या मागचं पॅड गळून गेलंय. दोन्ही कार्बोरेटरची हवाही सारखी करायची आहे, पुढचा जास्त ओढतोय. पॅड मिळाला की ते एकाच दिवशी करू.

माझ्या हातून झालेला खर्च : रबरी पाईप ९००, क्लिपा-फिल्टर ३८०, टोचन ८००, अर्थची पट्टी २२०, कंडेन्सर १६०, सिरिंज ६०, थिंबल ३०. एकूण २,५५० रुपये. मीटरची लीड जुनीच होती. बंद पडण्याचा आजार ज्याने गेला तो भाग यातला ३० रुपयांचा. मामांनी आधीच्या गॅरेजचं बिल आणि ती तुटकी वायर एकत्र स्टेपल करून गाडीच्या फाइलला लावली आहे.